पेव, कणगी आणि वऱ्हाडची ज्वारी

अन्न टिकविण्याचा विषय निघाला की आज आपली दृष्टी आपोआप स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घुरघुरणाऱ्या पेटीकडे वळते. परंतु वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या कवेतील मुलखात, म्हणजे ज्याला 1905 पर्यंत सरकारदफ्तरी वणी जिल्हा म्हणत आणि त्यानंतर यवतमाळ म्हणू लागले त्या वऱ्हाडातल्या प्रदेशात, घराचे खरे कोठार जमिनीच्या पोटात असे, आणि कोणत्या कास्तकाराची हैसियत किती, याचा अदमास सावकारही त्याच्या पेवावरून करीत असे.

पेव खणणे हे कोणाही ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून फुगते, तेव्हा ती पेवाच्या कामाची नाही. म्हणून पांढरीतील उंचवट्याची, खाली घट्ट मुरूम असलेली जागा हेरून, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल इतका अरुंद आणि पोटात ऐसपैस असा खड्डा घेत, आत जाळ करून त्याच्या भिंती कोरड्या करीत, तळाला व कडेला कडब्याचे आणि भुशाचे जाड अस्तर देत, आणि खळ्यावरची ज्वारी चांगली उन्हे खाऊन दाताखाली कटकन फुटू लागली म्हणजेच ती आत ओतून तोंड माती-दगडांनी लिंपून टाकीत. पुढचे काम धान्य स्वतःच करी. दाणा सजीव असल्यामुळे तो श्वसन करतो, बंद पेवातील प्राणवायू हळूहळू संपतो, कर्बवायू साठतो, आणि त्या कोंडीत किडे-सोंडे गुदमरून मरतात. हे रसायनशास्त्र गावाला ठाऊक नसले तरी त्याचा धाक ठाऊक होता: पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, वारा खेळू देऊन, दोरीने जळता दिवा आत सोडून, तो विझत नाही अशी खातरी पटल्यावरच माणूस उतरे. ज्यांनी ही सावधगिरी सोडली त्यांचे प्राण पेवात गेले. पेवातल्या ज्वारीला कुबट वास येई, रंगही पिवळसर पडे, आणि तिची उगवण भरवशाची नसे. म्हणून बियाण्याचा दाणा पेवाच्या वाटेला न जाता राख चोळून मडक्यात बंद होई.

वर्षभराच्या खर्चाचे धान्य मात्र घरातच, बुरुडाने विणलेल्या आणि शेणमातीने आतबाहेर सारवलेल्या कणगीत असे. केळापूर-वणीकडच्या रानांत बांबूला तोटा नव्हता. कणगीत कडुलिंबाचा पाला आणि मधूनमधून बिब्बे टाकीत. मुगाला राख, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, चिंचेला मीठ, लसणाला वेणी आणि दह्यादुधाला मांजरापासून सुरक्षित असे शिंके, अशी प्रत्येक पदार्थाची जागा आणि तोड ठरलेली असे. वैशाखात इथला पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि हवेत ओलाव्याचा लवलेश नसतो. ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो त्याच उन्हावर मूगवड्या, सरगुंडे, कुरडया आणि हरभऱ्याचा खुडलेला पाला वाळून वर्षाची बेगमी होई. कोकणातल्या गृहिणीला ही सवलत निसर्गाने दिलेली नाही. गोंड आणि कोलाम वस्त्यांत चैत्रात वेचलेली मोहाची फुले वाळवून ठेवीत, आणि ज्वारी संपली म्हणजे तीच पोटाला आधार देत.

हे सारे ज्वारीच्या सत्तेवर उभे होते. सालदाराचे साल ज्वारीत ठरे, बलुते ज्वारीत मिळे, आणि अडल्यानडल्याला पेवातून दिलेले धान्य सुगीला सवाई-दिढीने परत येई. ही दिढी पुण्याईची होती असे मी म्हणणार नाही. पण पेव गावातच होते आणि त्याची किल्ली गावच्या माणसाकडे होती.

निजामाने 1853 च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने, 1861 ते 1865 या काळात, कापसाला सोन्याचा भाव आणला. आणि 1867 मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुराला भिडली. यवतमाळचा कापूस बैलगाड्यांतून धामणगावच्या स्टेशनाला जाऊ लागला. पडीत जमिनी इजाऱ्याने लागवडीखाली आल्या, त्यांच्या खुणा आजही गावांच्या नावांत ‘इजारा’ म्हणून उरल्या आहेत. ज्वारीची जमीन कापसाकडे गेली, रयतेच्या हाती रोकड आली आणि धान्य विकत आणण्याची सवय लागली. 1899-1900 च्या अवर्षणात हा व्यवहार उघडा पडला: रोकड संपली, भाव चढले, आणि जिथे पेवे रिकामी होती तिथे मागे काहीच नव्हते. 1891 मध्ये सुमारे 28 लाख 97 हजार असलेली वऱ्हाडची लोकसंख्या 1901 च्या खानेसुमारीत 27 लाख 54 हजारांवर आली. रोगराईचा वाटा यात मोठा होता हे खरे. पण उपाशी शरीर रोगाला लवकर बळी पडते.

पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि त्यांच्या काळात संकरित ज्वारीने उत्पन्न वाढविले. परंतु ती लवकर पिके, परतीच्या पावसात काळी पडे, आणि साठवणीत देशी वाणाइतकी टिकत नसे. त्यानंतर सोयाबीन आले, रेशनचे गहू-तांदूळ आले, आणि कणगी माळ्यावर गेली. फ्रीज घरोघर पोहोचला तेव्हा काढून टाकण्यासारखे पेव उरलेच नव्हते. फ्रीजवर पेव बुडविल्याचा आळ घेणे मला अन्यायाचे वाटते.

तूर मात्र टिकली, कारण ती कापसाच्या तासांमध्ये आंतरपीक म्हणून आजही पेरली जाते आणि वर्षाची डाळ बहुतेक घरे विकत घेत नाहीत. भिजविणे, वाळविणे, तेलाचा हात देणे हे पूर्वीसारखेच चालते. भरडण्यापुरते जाते गेले, आणि त्याच्या जागी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने काढलेली पीकेव्ही मिनी दालमिल आली.