विजापूरचा बालेकिल्ला : एका राजधानीचे उरलेले व न उरलेले अवशेष

विजापूर पाहिले म्हणजे गोल घुमट पाहिला, अशी समजूत आपल्याकडील विद्यार्थ्यांत रूढ आहे. रेल्वेने येणाऱ्या प्रवाशाला स्थानकाजवळच तो घुमट सामोरा येतो. त्याचा सुमारे ४४ मीटरचा बाह्य व्यास आणि सज्जातील प्रतिध्वनी यांनी मन इतके भारले जाते, की पुढचे सारे नगर त्याच्या छायेतच पाहिले जाते. पण मुहम्मद आदिलशहाची (मृत्यू १६५६) ही कबर आहे, राजवाडा नव्हे. आदिलशाहीचा राज्यकारभार जेथे प्रत्यक्ष चालला तो अर्किल्ला, म्हणजे नगराच्या मध्यभागीचा बालेकिल्ला, बहुतेक प्रेक्षक घाईने ओलांडून जातात.

या उपेक्षेचे मूळ बांधकामाच्या साहित्यात आहे. कबरी व मशिदी यांचा भार दगडी कमानी आणि घुमट यांनी पेलला. महालांत मात्र सपाट छते, मजले, खांब व सज्जे यांसाठी लाकडाचा मुबलक उपयोग झाला. पहिल्या अली आदिलशहाच्या कारकीर्दीतील गगनमहाल याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या दर्शनी भागातील मधली कमान सुमारे ६० फूट रुंद असून दोन्ही अंगांस दोन अरुंद कमानी आहेत. या दगडी चौकटीच्या आतील लाकडी खांब, वरचा मजला आणि छप्पर ही सर्व नाहीशी झाली आहेत. दरबाराची जागा उरली, दरबार ज्या छताखाली भरे ते छत उरले नाही.

नगराला ही अवकळा एका घावात आली नाही. १६८६ मध्ये सिकंदर आदिलशहाने औरंगजेबापुढे शरणागती पत्करली आणि राजधानीचा राजाश्रय संपला. १७६० मध्ये निजामाकडून हा मुलूख पेशव्यांकडे आला. महालांतील लाकूडसामान या मराठी अमलात काढून नेले गेले, असा आरोप इंग्रज लेखकांनी केला आहे. हा आरोप करणाऱ्यांचा हेतू निर्मळ नव्हता, हे मान्य करूनही मराठी अभ्यासकाने तो केवळ अभिमानापोटी झटकून टाकणे उचित नाही. मात्र त्यापूर्वीचा पाऊण शतकाचा मोगल व निजामी काळ हिशेबातून वगळणेही तितकेच अनुचित होय.

पुढे १८८५ मध्ये जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून येथे आले आणि जुन्या इमारती डागडुजी करून सरकारी कचेऱ्यांसाठी वापरात आल्या. एका मशिदीत तर प्रवासी बंगला होता. लॉर्ड कर्झनच्या आग्रहाने तो तेथून हलविण्यात आला. गंमत अशी, की या वापराने इमारतींचे रूप बिघडले तरी त्यांच्यावर छप्पर राहिले.

लाकडी बांधणीची कल्पना यावयाची असेल तर बालेकिल्ल्याच्या पूर्वेस, खंदकापलीकडे असलेला आसारमहाल पाहावा. सुमारे १६४६ मध्ये दादमहाल, म्हणजे न्यायसभा, म्हणून ही वास्तू उभारली गेली. पुढे तेथे पैगंबरांच्या केसांचे अवशेष ठेवण्यात आले आणि ती पवित्र स्थान बनली. हौदासमोरचा तिचा उघडा दर्शनी भाग उंच लाकडी खांबांवर तोललेला आहे. या पवित्रतेमुळेच हे लाकूड वाचले असावे, असे मला वाटते. न्यायसभा म्हणूनच ती राहिली असती, तर तिची गत गगनमहालासारखीच झाली असती.

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास हा भाग विशेष जवळचा आहे. पहिल्या इब्राहिमाने (१५३४–५८) हिशेबाचे दप्तर फारसीऐवजी हिंदवीत ठेवविले आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे सोपविले, असे फेरिश्ता सांगतो. १६३६ नंतर शहाजीराजे याच दरबाराच्या सेवेत होते. ज्या राज्ययंत्रणेशी मराठी कारकुनांचा व सरदारांचा नित्य संबंध आला, तिचे स्थान कबरींत नसून या पडक्या महालांत होते. म्हणून विद्यार्थ्यांनी आपली फेरी गोल घुमटापासून न आरंभता बालेकिल्ल्यातून आरंभावी. तेथे सात मंजिलीच्या उरलेल्या मजल्यांत नळांच्या व स्नानगृहांच्या खुणा दिसतात. पाणी इतक्या उंचीवर कसे चढविले जाई, या प्रश्नाचा माग काढत तोरवीच्या पाणीपुरवठ्यापर्यंत जावे. घुमट सायंकाळी पाहिला तरी चालतो.