जीर्ण इंजिन : पुनर्बांधणी की प्रतिस्थापन

प्रथम संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. ‘झीज’ म्हणजे परस्परांवर घासणाऱ्या पृष्ठभागांवरील धातूचा क्रमशः होणारा क्षय. ‘भंग’ म्हणजे घटकाच्या अखंडतेचा नाश. सिलिंडरची भिंत, पिस्टनच्या रिंगा, क्रँकशाफ्टचे जर्नल आणि बेअरिंग यांची झीज होते. तडकलेला ब्लॉक किंवा वाकलेला कनेक्टिंग रॉड हा भंग होय. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला. अशा पावसाने आलेल्या पुरात चालू इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरले, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे रॉड वाकतो. ते इंजिन कदाचित मुळीच झिजलेले नसते, तरी भंगलेले असते. प्रस्तुत विवेचन झिजेपुरते आहे.

‘पुनर्बांधणी’, म्हणजे गॅरेजच्या भाषेत फुल इंजिनकाम, ही मूळ ब्लॉक व क्रँकशाफ्ट कायम ठेवून त्यांची भूमिती पूर्ववत करण्याची क्रिया आहे. केवळ नव्या रिंगा घालणे या संज्ञेत येत नाही, कारण अंडाकृती झालेल्या सिलिंडरला वर्तुळाकार रिंग सर्व बाजूंनी टेकत नाही. ‘प्रतिस्थापन’ त्रिविध आहे : (1) कारखान्यातून आलेले नवे इंजिन, (2) अन्यत्र पुनर्बांधणी झालेले, अर्थात रिकंडिशन केलेले इंजिन, (3) मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेले इंजिन, जसे कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळते. हे तिन्ही प्रकार एकाच नावाखाली तोलले जातात, आणि निर्णयातील बहुतेक गोंधळ तेथेच उत्पन्न होतो.

झीज आहे, एवढे ज्ञान निर्णयाला पुरत नाही. ती कोठे आहे, हे कळले पाहिजे. निळा धूर ऑइल जळत असल्याचे दर्शवतो, परंतु ते ऑइल रिंगांवाटे वर येते की व्हॉल्व्हच्या सीलवाटे खाली उतरते, हे धुरावरून कळत नाही. पेट्रोल इंजिनात कम्प्रेशन मोजावे, नंतर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब स्पष्टपणे वाढला तर दोष रिंगा व भिंतीकडे, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे. अधिक निश्चिती हवी असल्यास पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडावी. ती एअर फिल्टरकडून ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा तडा. दोष केवळ हेडमध्ये असल्यास प्रस्तुत प्रश्न उद्भवतच नाही. हेडचे काम करावे.

दोष सिलिंडरच्या भिंतीत ठरल्यास मोजमापाची पायरी येते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. वरची रिंग जेथे दिशा पालटते तेथे भिंत सर्वाधिक झिजते. खाली झीज कमी होत जाते. शिवाय कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे पिस्टन एका बाजूस अधिक रेटला जातो, म्हणून छेद वर्तुळाकार राहत नाही. मारुती 800 चे तीन सिलिंडरचे 796 सी.सी. इंजिन उदाहरणार्थ घेऊ. त्याच्या सिलिंडरचा मूळ व्यास 68.5 मि.मी. समजा व्यासात 0.15 मि.मी. वाढ आढळली आणि 0.25 मि.मी. मोठे पिस्टन उपलब्ध आहेत. वरवर पाहता ते पुरेसे वाटतात. परंतु ती सर्व झीज एकाच बाजूस असेल, तर मूळ केंद्र न ढळवता तो भाग साफ करण्यास त्रिज्या 0.15, म्हणजे व्यास 0.30 मि.मी. वाढवावा लागतो. 0.25 चा बोअर मारला तर एका बाजूस झिजलेला पट्टा तसाच राहील, म्हणून 0.50 चे माप घ्यावे लागते. नवा व्यास 69.0 होतो आणि घनफळ सुमारे 808 सी.सी. भरते. सर्वाधिक झिजलेला सिलिंडर उरलेल्या दोहोंचे माप ठरवतो, कारण तिन्ही पिस्टन समान वजनाचे असावे लागतात. बोअर गेज न लावता सांगितलेला पुनर्बांधणीचा खर्च, या कारणाने, अंदाजच असतो.

यावरून निर्णयाचा खरा आधार निघतो : ब्लॉक व क्रँकशाफ्ट यांत कापण्याजोगा धातू शिल्लक आहे काय, आणि त्या मापाचे सुटे भाग मिळतात काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील व बोअरिंग, होनिंग आणि क्रँक ग्राइंडिंग अचूक करणारा कारागीर उपलब्ध असेल, तर पुनर्बांधणी श्रेयस्कर. काही ब्लॉकच्या भिंतीवर कठीण मुलामा असतो, काही क्रँकशाफ्टची कठीण केलेली पृष्ठे घासण्यास उत्पादकाची अनुमती नसते. तेथे मार्ग आपोआप बंद होतो.

प्रतिस्थापनाच्या पहिल्या प्रकाराविरुद्ध किमतीखेरीज आक्षेप नाही. दुसऱ्याचे मूल्य मापांच्या लेखी नोंदीएवढेच आहे. तिसऱ्याविषयी मत स्पष्ट मांडले पाहिजे : त्यात ज्ञात दोष देऊन अज्ञात दोष घेतला जातो. तेच इंजिन घ्यायचे असल्यास वर सांगितलेल्या चाचण्या खरेदीपूर्वी कराव्यात. विक्रेता त्या करू देत नसेल तर व्यवहार सोडावा. इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो, त्यामुळे त्याच्या मालकीची कागदपत्रे व आर.टी.ओ.कडील नोंद ही प्रक्रिया मोटार वाहन अधिनियम, 1988 अन्वये टाळता येत नाही.

खर्चाची तुलना गाडीच्या उर्वरित आयुष्याशी करावी. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते; पत्रा गंजलेला असेल तर इंजिनावरील कोणताही खर्च व्यर्थ आहे.

दोन्ही पक्षांत एक खर्च समान आहे आणि तो नेहमी वगळला जातो. झीज ज्या कारणाने झाली ते कारण बहुधा इंजिनाबाहेर असते : फाटलेल्या एअर फिल्टरमधून शिरलेली धूळ, चोंदलेला रेडिएटर. बेअरिंग झिजून गेले असेल तर त्याचे कण ऑइल कूलरच्या अरुंद मार्गांत अडकलेले असतात. धुऊन ते सर्व निघतील याची खात्री देता येत नाही, आणि ते सुटले की नव्या बेअरिंगमध्ये जातात. म्हणून रेडिएटर साफ करणे, हवेचा मार्ग तपासणे आणि ऑइल कूलर असल्यास तो बदलणे, या रकमा अंदाजपत्रकात प्रथम लिहाव्यात.