पुस्तकांच्या पिशवीचा हिशेब

बर्मिंगहॅम शहर आम्हांस ठाऊक आहे ते कारखान्यांचे गाव म्हणून. त्याच शहरात १९९२ साली अगदी लहान प्रमाणावर एक उपक्रम सुरू झाला. गरिबाच्या मुलासाठी केलेल्या कामाचा हिशेब कोणी व कसा मागावा, हा प्रश्न त्याच्या इतिहासात दडलेला आहे, म्हणून तो येथे सांगावयाचा.

वेंडी कूलिंग नावाच्या बाईंनी शाळेच्या पहिल्याच दिवशी पाच वर्षांचा एक मुलगा पाहिला. हातात पुस्तक दिले, पण त्याचे करावयाचे काय हे त्या पोराला उमगेना. पाचव्या वर्षी शाळेत गाठणे म्हणजे उशीरच झाला, हे बाईंनी ओळखले. मग ग्रंथालय व आरोग्यखाते यांना सोबत घेऊन सात ते नऊ महिन्यांच्या बाळांची तपासणी होते तेथेच आईच्या हाती एक पिशवी देण्याचे ठरले. पिशवीत एक पुस्तक, एक कवितेचे कार्ड आणि ग्रंथालयाची माहिती. पहिल्या खेपेस तीनशे कुटुंबे होती. 'बुकस्टार्ट' ते हेच.

बॅरी वेड व मॅगी मूर या तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी यांतील मुलांचा माग शाळेपर्यंत काढला. पिशवी मिळालेली मुले शाळेत येताना इतरांच्या पुढे होती. वाचनात तर होतीच, पण अंकगणितातही! मात्र तपासलेली मुले थोडी होती, आणि कोणाला पिशवी द्यावी हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते. वाटाघाटींच्या टेबलाशी बसून आम्ही एक गोष्ट शिकलो. आकडा मालकाचा असो की आपला, तो कशाला भागून आला हे आधी विचारावे.

पुढे ही पिशवी ब्रिटनभर पसरली. आणि २०१० च्या डिसेंबरात इंग्लंडमधील तिचे सारे सरकारी अनुदान बंद करण्याचा निर्णय झाला. लेखकमंडळी खवळून उठली. ऐन नाताळात सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले, तरी पुढे रक्कम घटली ती घटलीच. त्याच सुमारास बेलफास्टच्या संशोधकांनी उत्तर आयर्लंडात, दोन वर्षांच्या मुलांना द्यावयाच्या पिशवीची कसून परीक्षा घेतली. या वेळी चिठ्ठ्या टाकून. आईबापांची वाचनाविषयीची आस्था वाढलेली दिसली. ग्रंथालयाकडे वळणारी पावले मात्र वाढली नाहीत. तेव्हा पिशवी निरुपयोगी म्हणावी काय? आमच्या मते नव्हे. दिलेली वस्तू मोजली गेली. ती घेऊन मुलाजवळ बसणे ही निराळीच गोष्ट.

या बसण्याचीच परीक्षा दक्षिण आफ्रिकेत झाली. केप टाऊनच्या कडेला खायेलित्शा नावाची वस्ती आहे. नावाचा अर्थ 'नवे घर'. वर्णद्वेषी राजवटीने काळ्या माणसांना शहरापासून दूर ठेवण्यासाठी ती वसविली. तेथील प्रयोगाचा वृत्तान्त २०१५ साली प्रसिद्ध झाला. ९१ बाळे, वय चौदा ते सोळा महिने. काहींच्या आयांना आठ आठवडे, आठवड्यातून एक बैठक, याप्रमाणे शिकविले गेले. पुस्तक वाचून दाखवावयाचे नव्हे, त्याच्याशी मिळून खेळावयाचे: बाळ बोट ठेवील तेथे थांबा, नाव सांगा, विचारा, त्याच्या हुंकाराला उत्तर द्या. यासाठी आईस अक्षरओळख असलीच पाहिजे असे नाही. उरलेल्या बाळांच्या तुलनेत या बाळांना अधिक शब्द कळू लागले, आणि त्यांचे चित्तही अधिक वेळ एका जागी ठरू लागले. आठ बैठकांची कमाई म्हणून ही थोडी नव्हे.

येथे आमच्यातला कामगार संघटनेचा माणूस मध्येच बोलतो. या बैठकांना येण्यास आणि मग रोज बाळापाशी बसण्यास आईला सवड हवी. पहाटे घर सोडून परक्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई दिवे लागल्यावर परतते, तेव्हा बाळ जागे असेलच असे नाही. असल्या प्रत्येक तक्त्यात, बाळाच्या शब्दांच्या शेजारी, आम्हांस आणखी एक रकाना हवा आहे: आई कामावरून किती वाजता सुटली?