ड्राय अप
इंग्रजीतील एक फ्रेझल व्हर्ब. 'ड्राय' म्हणजे सुकणे किंवा सुकवणे. 'अप' जोडल्यावर ती क्रिया शेवटास गेल्याचा भाव येतो, जसा 'ईट अप' (खाऊन संपवणे) यात येतो. भूतकाळी रूप 'ड्राइड अप'.

मूळ अर्थ नदी, विहीर, तळे यांचे पाणी पूर्ण आटणे. त्यावरून पैसा, कामे, मागणी यांचा ओघ थांबणे हा अर्थ आला; वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर तोच अधिक भेटतो. बोलता बोलता शब्द न सुचून गप्प होणे, हाही एक अर्थ. रंगमंचावर संवाद विसरलेल्या नटाबद्दल ब्रिटनमध्ये हे क्रियापद वापरतात, पुष्कळदा नुसते 'ड्राय'. आज्ञार्थी 'ड्राय अप!' म्हणजे 'तोंड बंद कर!', हा प्रयोग उद्धट असून आता जुनाट वाटतो.

ब्रिटिश घरांत मात्र याचा अगदी साधा उपयोग आहे: धुतलेली भांडी फडक्याने पुसून कोरडी करणे. या अर्थी ते सकर्मकही असते आणि तेव्हा कर्म मध्येही येऊ शकते ('ड्राय द प्लेट्स अप'). अमेरिकी कानाला हा प्रयोग अनोळखी वाटतो.

'ड्राय आउट' व 'ड्राय ऑफ' यांच्याशी त्याची गल्लत होते. पहिल्याचा एक अर्थ दारूचे व्यसन सोडवण्यासाठी उपचार घेणे. दुसरे अंघोळीनंतर अंग कोरडे करण्यासाठी वापरतात. दुग्धव्यवसायात त्याचा अर्थ विण्यापूर्वी सुमारे 60 दिवस गाय आटवणे.