पॅनल शाबूत, बॅटरी खलास : सातपुड्याच्या पाड्यांवर छोटं सोलर बंद का पडतं?

आशुतोष गोवारीकरचा 'स्वदेस' २००४ साली आला. त्यात गावकरी पाण्यावर वीज तयार करतात आणि अंधाऱ्या घरात बल्ब लागतो, तो सीन आजही रील्समध्ये फिरत असतो. या सीनचा विषय निघाला की नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावचं नाव हमखास येतं. धडगाव तालुक्यातल्या या गावात २००३ साली लोकांनी स्वतः राबून १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा केला होता. तीन वर्षांनी, २००६ मध्ये, तो सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला.

सरदार सरोवराची वीज क्षमता १,४५० मेगावॅट. त्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. या धरणासाठी महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती सगळी नंदुरबारची. आणि याच नर्मदाकाठच्या कित्येक पाड्यांवर त्यानंतरही वर्षानुवर्षं विजेची तार पोहोचली नाही. दिव्याखालचा अंधार म्हणतात तो हाच.

तार न पोहोचण्याचं एक कारण इथल्या वस्तीच्या रचनेत आहे. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरं गावठाणात एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचं घर त्याच्या शेतात, एक या टेकडीवर तर दुसरं पलीकडच्या. चार घरांसाठी डोंगर चढून खांब न्यायचे म्हणजे खर्चच खर्च. मग उरतं सोलर. केंद्राची सौभाग्य योजना सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्यात अशा दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचं पॅनल, बॅटरी, ५ एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि ५ वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. ज्यांना ते मिळालं नाही, किंवा मिळून बंद पडलं, ते बाजारातून १०-२० वॅटचं पॅनल आणि एखादी बॅटरी आणतात.

तिथेच खरा घोळ सुरू होतो. पॅनल चांगलं असेल तर २०-२५ वर्षं चालतं. त्याच्याखालची बॅटरी मात्र अनेकदा दोन वर्षंही काढत नाही. लोक म्हणतात सोलर बेकार निघालं. प्रत्यक्षात सोलर ठीक असतं, बॅटरी उपाशी मेलेली असते.

उपाशी म्हणजे काय? हिशोब बघा

समजा १० वॅटचं पॅनल आहे आणि १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी. फवारणी पंपात किंवा यूपीएसमध्ये असते साधारण त्या आकाराची.

ज्याला दुकानदार '१२ व्होल्टचं पॅनल' म्हणतो, त्यात बहुतेक वेळा ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि ते भर उन्हात १७-१८ व्होल्ट देतं. हे मुद्दाम केलेलं असतं. बॅटरी भरायला तिच्यापेक्षा जास्त दाब लागतोच, शिवाय ऊन कमी झालं तरी तो पुरला पाहिजे. १० वॅटला १७.५ ने भागलं की करंट मिळतो साधारण ०.५७ अँपिअर. दिवसभराचं ऊन एकत्र केलं तर कडक उन्हाचे ५ तास धरता येतात. म्हणजे दिवसाला झाले २.८५ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी यातला थोडा भाग स्वतःच खाते, हातात येतात २.४ च्या आसपास.

आता खर्च. ३ वॅटचा एक दिवा ६ तास लावला तर दीड अँपिअर-तास. ५,००० एमएएचचा एक मोबाइल पूर्ण चार्ज केला तर जवळपास २. एकूण साडेतीन. जमा २.४ आणि खर्च साडेतीन.

(इथे बरेच जण फसतात. बॅटरी ७,००० एमएएचची, फोन ५,००० चा, म्हणजे निम्म्याहून जास्त गेली की, असं वाटतं. पण फोनची बॅटरी पावणेचार व्होल्टच्या आसपासची आणि ही १२ ची. नुसते एमएएच बघून तुलना होत नाही, व्होल्टने गुणावं लागतं.)

रोज एक अँपिअर-तासाहून थोडा जास्त तोटा. तीन-चार दिवसांत बॅटरी निम्म्याखाली जाते आणि मग पुन्हा कधीच पूर्ण भरत नाही. लेड-ॲसिडला याहून वाईट दुसरं काही नाही. अर्धवट चार्ज राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे स्फटिक धरतात आणि हळूहळू कडक होतात. तेवढा भाग बॅटरीतून कायमचा बाद. सहा महिन्यांनी तीच बॅटरी तासाभरात दम टाकते, आणि घरातले म्हणतात दिवाच खराब.

पॅनल १० ऐवजी २० वॅटचं घेतलं तर जमा होते पावणेपाचच्या पुढे आणि बॅटरी रोज भरून वर थोडं उरतं. अशा वेळी दुकानात बहुतेकांचा कल मोठी बॅटरी घेण्याकडे असतो. छोट्या पॅनलवर मोठी बॅटरी लावणं म्हणजे तोटी तीच ठेवून टाकी मोठी करणं. पैसे वाढवायचेच असतील तर आधी पॅनलवर वाढवावेत.

पावसाळ्याचा हिशोब वेगळा. जून ते सप्टेंबर सातपुड्यात ढग आणि धुकं बसलं की पॅनलचं उत्पादन बऱ्याचदा निम्म्याहूनही खाली येतं. तेव्हा २० वॅटवरही दिवा किंवा फोन यातलं एकच रोज निवडावं लागतं. साप-विंचवाचे दिवस हेच असल्याने दिवा निवडलेला बरा.

मधला छोटा डबा कशासाठी?

पॅनलच्या दोन वायरी थेट बॅटरीला जोडल्या तरी चार्जिंग होतं, म्हणून चार्ज कंट्रोलरचा खर्च वाचवला जातो. १२ व्होल्टची लेड-ॲसिड साधारण १४.४ व्होल्टला पोहोचली की तिला थांबवावं लागतं. थांबवलं नाही तर आतलं पाणी उकळल्यासारखं उडतं आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. एकाच खोलीत चूल आणि बॅटरी असेल तर हा नुसता बॅटरीच्या आयुष्याचा प्रश्न राहत नाही. बॅटरी चुलीपासून लांब, हवेशीर जागी हवी.

कंट्रोलर आणखी दोन कामं करतो. रात्री बॅटरीतली वीज उलट पॅनलमध्ये झिरपू देत नाही आणि बॅटरी फार खाली गेली की दिवा बंद करतो. हे दुसरं काम लोकांना आवडत नाही. दिवा 'आपोआप बंद पडतो' म्हणून तो थेट बॅटरीला जोडला जातो. त्या रात्री उजेड मिळतो, पण बॅटरीचं आयुष्य कमी होतं.

जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला लावायची, मग पॅनल. काढताना उलट, आधी पॅनल. बॅटरीच्या प्लस वायरवर फ्यूज हवाच. आणि फोन थेट पॅनलला जोडायचा नाही. त्याला ५ व्होल्ट लागतात, ते कंट्रोलरच्या यूएसबीतून घ्यावेत.

बॅटरी भरलीय का हे दिव्याच्या उजेडावरून कळत नाही, साध्या मल्टीमीटरवर कळतं. पहाटे, दिवा बंद करून थोड्या वेळाने मोजलं आणि १२.७ आलं तर पूर्ण भरलेली. १२.१-१२.२ म्हणजे अर्धी. ११.९ च्या खाली असेल तर ती रिकामी आहे, आणि हे रोजचं असेल तर वापर कमी करा किंवा पॅनल वाढवा.

पॅनलचं तोंड दक्षिणेकडे, उतार २०-२२ अंशांचा, कारण जिल्ह्याचा अक्षांशच तेवढा आहे. पत्र्यावर चिकटवून ठेवू नये, खालून हवा खेळू द्यावी. पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. सेल ६५ अंशांपर्यंत तापले तर उत्पादन १५ टक्क्यांच्या आसपास घटतं. आणि महूच्या एका फांदीची सावलीही महागात पडते. सेल एका माळेत असल्याने एकावर सावली आली तरी सगळ्या माळेचा करंट अडतो.

घर बंद असताना

नंदुरबारमधून दरवर्षी दिवाळीनंतर हजारो कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जातात. घर काही महिने बंद. चोरीच्या भीतीने पॅनल उतरवून आत ठेवलं जातं आणि बॅटरी आहे तशीच कोपऱ्यात. लेड-ॲसिड पडून पडून दर महिन्याला काही टक्के आपोआप उतरते. जाताना ती अर्धी असेल तर परत येईपर्यंत सल्फेटने संपलेली असते. हे टाळायला पैसे लागत नाहीत. जाण्याआधी दोन-तीन दिवस दिवा-फोन न लावता बॅटरी पूर्ण भरायची, मग दोन्ही वायरी सोडवून ठेवायच्या. शेजारी कोणी राहणारं असेल तर त्यांच्या पॅनलवर महिन्यातून एकदा भरून घ्यायची. ट्रॅक्टरसारखी पाण्याची बॅटरी असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, ओढ्याचं किंवा बोअरचं नाही.

लिथियम घ्यावी का?

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग आहे, पण अर्धवट चार्ज राहण्याचा तिला त्रास होत नाही आणि ती दोन हजारांच्या पुढे फेऱ्या सहज काढू शकते. उपाशी राहण्याची शक्यता जिथे रोजचीच, तिथे हा फरक मोठा. अट एकच, बॅटरीत संरक्षक सर्किट आणि कंट्रोलरवर त्या प्रकारची सेटिंग हवी. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॅनलला जोडण्याचे व्हिडिओ सध्या खूप फिरतात. ते घरात, त्यातही गवताच्या छपराखाली, अजिबात करू नये. हे सेल ४.२ व्होल्टच्या वर गेले की पेट घेऊ शकतात.

सरकारी संचाची ५ वर्षं संपतात तेव्हा बॅटरीचं वयही साधारण तेवढंच झालेलं असतं. म्हणजे देखभालीची मुदत आणि बॅटरी एकाच सुमाराला जातात, आणि पुढची बॅटरी मजुरीच्या पैशांतून घ्यावी लागते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून नवी घेताना जुनी दुकानात परत द्यायची आणि तिचे पैसे वजा करून घ्यायचे. घरी फोडायची नाही. आतलं शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि ॲसिड ओढ्यात गेलं तर ते पाणी खालचे पाडे पितात.