ग्रामीण भागातील दूरपल्ल्याची बिनतारी संगणकजाळी : अंतर, कायदा व वीज

बिनतारी तंत्राने अंतरावर मात केली आणि खेडी संगणकजाळ्याने जोडली गेली, असे विधान या विषयावरील लेखनात वारंवार आढळते. ते असत्य नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने अपुरे आहे. दक्षिण आशियातील तीनचार प्रयत्न कालक्रमाने पाहिले असता अंतराचा प्रश्न त्यातल्या त्यात लवकर सुटला व अडथळे निराळ्याच ठिकाणी होते असे दिसून येते. प्रस्तुत लेखात हाच मुद्दा तपासावयाचा आहे.

प्रथम नेपाळचे उदाहरण घेऊ. म्याग्दी जिल्ह्यातील नांगी या डोंगरी गावी महावीर पुन यांच्या शाळेस १९९७ साली ऑस्ट्रेलियातून चार जुने संगणक मिळाले. गावात वीज नव्हती, म्हणून ओढ्यावर लहानशी जनित्रे बसवून ते चालविण्यात आले. दूरध्वनीची सोय मात्र होईना. २००१ मध्ये बीबीसीने ही अडचण प्रसिद्ध केली. वर्षभरात युरोप व अमेरिकेतून स्वयंसेवक आले आणि दूरचित्रवाणीच्या तबकड्या झाडांवर बांधून नांगी व शेजारचे रामचे ही दोन गावे जोडण्यात आली. पुढे डोंगरमाथ्यावर मध्यंतर-ठाणी उभारून पोखऱ्याशी संबंध जुळला व २००३ साली नांगी आंतरजालावर आले. हे अंतर सुमारे ३४ किलोमीटरचे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा काळ माओवादी बंडाचा व आणीबाणीचा होता. बिनतारी साधने आणण्यावर व वापरण्यावर निर्बंध होते. म्हणजे ज्या कार्यासाठी पुन यांना २००७ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचा प्रारंभ कायद्याच्या चौकटीबाहेर झाला. २००६ मधील सत्तांतरानंतर ही बंधने सैल झाली. साधने स्वस्त होती, डोंगरामुळे दृष्टिरेषा मोकळी होती; अनुमती तेवढी नव्हती.

भारतातील स्थिती तत्त्वतः फारशी वेगळी नव्हती. १९३३ चा बिनतारी तार अधिनियम येथे लागू होता. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरील वापरासाठी परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. त्यापूर्वीच कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रवीण भागवत, भास्करन् रामन्, धीरज संघी प्रभृतींनी ‘डिजिटल गॅंजेटिक प्लेन्स’ हा प्रयोग हाती घेतला होता. कानपूर-लखनौ परिसरातील या जाळ्याचा सर्वांत लांब दुवा ४० किलोमीटरच्या जवळपास होता.

या प्रयोगाचे महत्त्व नीट समजण्यासाठी थोड्या गणितात शिरावे लागते. १९९७ साली ठरलेले ८०२.११ हे मानक कचेरीतील दालने मनात धरून रचलेले होते. तेथे संदेश पोहोचताच ग्राहकयंत्र पोच पाठविते. ठरावीक वेळात पोच न आल्यास प्रेषकयंत्र संदेश हरवला असे मानून तो पुन्हा धाडते. शंभर मीटरचे अंतर तोडण्यास लहरीला मायक्रोसेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. ३० किलोमीटरला शंभर मायक्रोसेकंद लागतात, आणि परतीचे तेवढेच. परिणामी पोच वाटेत असतानाच पुनःप्रेषण सुरू होई. हवा मोकळी आहे की नाही हे ऐकून मग बोलावे, हा दुसरा नियमही कुचकामाचा ठरे. कारण एक टोक मोकळी हवा ऐकत असे तेव्हा दुसऱ्याचा संदेश वाटेवर निघालेलाही असे. तात्पर्य, लहरी पोहोचत होत्या, नियम पोहोचत नव्हते.

त्यावर रामन् व कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ साली सुचविलेला उपाय मोठा मार्मिक आहे. एकाच मनोऱ्यावर निरनिराळ्या दिशांना रोखलेल्या तबकड्यांपैकी एक बोलत असता दुसरीला ऐकू येत नाही. म्हणून सर्वांनी एकदम बोलावे आणि सर्वांनी एकदम ऐकावे, पाळी काळाने वाटून घ्यावी. बर्कले विद्यापीठातील एरिक ब्रूअर यांच्या गटाने २००७ मध्ये ही कालविभागणीची कल्पना पुढे नेली. त्याच वर्षी व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी दोन शिखरांमध्ये ३८२ किलोमीटरचा दुवा जोडून दाखविला. अंतराचा प्रश्न येथे तात्त्विकदृष्ट्या संपला असे म्हणावयास हरकत नाही.

पण शिखरे सर्वत्र नसतात. गंगेच्या मैदानात ४० किलोमीटरच्या दुव्याच्या मध्यावर पृथ्वीचा फुगवटा, वातावरणातील वक्रीभवन जमेस धरूनही, सुमारे २४ मीटर भरतो. त्यावर लहरींना मोकळी जागा हवी ती वेगळीच. त्यामुळे दोन्ही टोकांस चाळीसेक मीटर उंच मनोरे लागतात आणि खर्चाचा मोठा भाग लोखंडात जातो, यंत्रात नव्हे. स्वस्त यंत्राचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब क्वचितच मांडला आहे.

तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्ररुग्णालयाने बर्कलेच्या साह्याने खेड्यांतील नेत्रतपासणी केंद्रे अशाच दुव्यांनी रुग्णालयाशी जोडली. रुग्णाने केंद्रात बसावे, तंत्रज्ञाने डोळे तपासावेत व वैद्याने पडद्यावर पाहून सल्ला द्यावा अशी ही व्यवस्था. येथे जाळे बंद पडणे म्हणजे रुग्णाचा दिवसाचा रोजगार बुडणे व प्रवासखर्च वाया जाणे होय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रूअर-गटाच्या अनुभवकथनात बिघाडांचे प्रमुख कारण म्हणून लहरींचा नव्हे, तर निकृष्ट विजेचा निर्देश आहे. दाबाचे चढउतार यंत्रे जाळीत. वीज अर्धवट गेल्याने त्यांतील स्मृतिका बिघडत. आणि दुरुस्ती जाणणारा माणूस गावात नसे. प्रयोगशाळेतील संशोधकाला विजेचा खांब हा संशोधनविषय वाटत नाही, हे समजण्यासारखे आहे. तरी इतिहासकाराने तो सोडू नये.

महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पालघर जिल्ह्यात आरंभी सात गावांत ‘ग्राममार्ग’ हा प्रयोग केला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या पट्ट्यातील वापरात नसलेल्या लहरी त्यांनी घेतल्या. या लहरी लांबीने मोठ्या, झाडीस कमी अडणाऱ्या. त्यामुळे उंच मनोऱ्यांची गरज घटते. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत या कार्याचा गौरव झाला. मात्र तो पट्टा २.४ गिगाहर्ट्झप्रमाणे परवानामुक्त नव्हता. काम चालले ते प्रयोगापुरत्या मिळालेल्या परवान्यावर.