फोटो हलला म्हणजे काय झालं? छायाचित्रातल्या गतीचा इतिहास

(बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कॅमेऱ्यावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण गती म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाशी प्रत्यक्ष हातघाईवर आले ते छायाचित्रकार. आपल्या भाषेतली एक गंमत बघा. लग्नात पोरगं पळत असतं, त्याचा फोटो पुसट येतो, आणि आपण म्हणतो, "फोटो हलला." हललं पोरगं, नाव फोटोचं! मग तो फोटो आपण पुसून टाकतो. पुसावा की नाही, ते शेवटी बघू. आधी इतिहास.

१८३८ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या गृहस्थाने खिडकीतून एका रस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात तो ओस पडलेला दिसतो. कारण त्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात घोडागाड्या आल्या नि गेल्या, माणसं आली नि गेली. एका जागी कुणी ठरलं नाही, म्हणून कुणी उमटलं नाही. उमटला फक्त एक माणूस, कारण तो बूट पॉलिश करून घेत पाय रोवून उभा होता. कॅमेऱ्याने टिपलेला हा बहुधा पहिला माणूस. आणि त्याचे बूट घासणारा? त्याचा हात चालू होता, अंग हलत होतं. त्याची नुसती धूसर आकृती उरली. हे लक्षात ठेवा, याकडे आपल्याला परत यायचंय.

मुंबईत ही विद्या लवकर आली. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे दुसरे. तेव्हा काच ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि ती वाळायच्या आत धुवायची, अशी पद्धत होती. आपल्या उन्हात काच वाळायला कितीसा वेळ लागणार! चित्र घ्यायला आता मिनिटांऐवजी काही सेकंद पुरत, पण तेवढे सेकंदही माणसाला दगडासारखं बसावं लागे. डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. जुन्या फोटोंतले आपले पूर्वज इतके करारी का दिसतात, याचं अर्धं उत्तर त्या टेकूत आहे. सेकंदभर हसू धरून ठेवणं सोपं नसतं.

१८७१ मध्ये मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढच्या दहाएक वर्षांत ती काच इतकी तेज झाली, की सेकंदाच्या लहानशा तुकड्यात चित्र उमटू लागलं. त्याच सुमारास, १८७८ मध्ये, अमेरिकेत मायब्रिजने ओल्या काचेवरच, पण अतिवेगवान झडपा लावून, ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याची चित्रं घेतली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे त्यातून सिद्ध झालं. हजारो वर्षं माणूस घोडा बघत होता, पण हे डोळ्याला कधी पकडता आलं नव्हतं. चित्रकार पुढचे पाय पुढे नि मागचे मागे ताणलेला घोडा काढायचे. चारी पाय सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, हे कॅमेऱ्याने दाखवलं.

आता आपल्या माणसाकडे येऊ. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोकांचे सावेदादा. मुंबईतले छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचे खेळ सुरू झाले, त्यांनी सावेदादांना वेड लावलं. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली.

कुस्तीच का? आपण मराठवाड्यातली माणसं, जत्रेतली कुस्ती कशी असते हे सांगायला नको. पकड घेऊन मल्ल मिनिटभर एकमेकांना तोलत राहतात, आणि मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच डाव पडतो. धोबीपछाड बसली की कोण वर, कोण खाली, यावर गावात आठ दिवस वाद. म्हणजे कुस्तीत स्थिरता आणि वेग दोन्ही येतात. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून चांगला विषय कोणता?

थोडं गणित करू. मल्लाचा हात सेकंदाला तीन मीटर वेगाने फिरतोय असं धरा. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा तिसावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात हात दहा सेंटिमीटर सरकतो, आणि चित्रात हाताऐवजी पट्टा दिसतो. हजारावा भाग उघडी राहिली, तर हात तीनच मिलिमीटर सरकतो आणि बोटं मोजता येतात. हाताने फिरवायच्या त्या काळच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण सोळा चित्रं पडत. त्यामुळे वेगवान डावातलं एकेक चित्र सुटं काढून बघितलं, तर ते पुसटच असणार. पण पडद्यावर ती चित्रं ओळीने धावली, की हाच पुसटपणा एका चित्राला दुसऱ्याशी सांधतो. तो काढून टाका, हालचाल ठेचकाळत चालल्यासारखी दिसेल.

दादासाहेब फाळके याच्या दुसऱ्या टोकाला गेले. १९१२ मध्ये भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ चित्रित केली. ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत गेले, आणि कित्येक दिवसांची वाढ मिनिटाभरात दाखवली. डाव इतका जलद की दिसत नाही, अंकुर इतका संथ की दिसत नाही. आपल्या डोळ्याला मधलीच गती कळते.

आता माझ्या मूळ विषयाकडे वळतो. ग्रीक झीनो म्हणाला, उडता बाण प्रत्येक क्षणी आपल्या जागेवर असतो, मग तो हलतो केव्हा? नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात असाच पेच टाकला: चालून झालेल्या वाटेवर चालणं नाही, न चाललेल्या वाटेवरही नाही, या दोहोंवेगळी चालली जाणारी वाट कुठे सापडते? फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने १९०७ मध्ये सरळ सिनेमाचंच उदाहरण घेतलं. आपली बुद्धी गतीचे स्थिर तुकडे पाडते आणि मग बाहेरून गती जोडते, अशी त्याची तक्रार. आणि आपल्याकडे न्यायसूत्रांत, पुढे गौडपादांच्या कारिकांत, अलातचक्राचा दृष्टान्त आहे. जळतं कोलीत गरागरा फिरवलं, की आगीचं चाक दिसतं. परभणीच्या उरुसात रात्री आकाशपाळण्याचा फोटो काढा, झडप जरा जास्त वेळ उघडी ठेवा. दिव्यांची कडी उमटतील. तेच अलातचक्र!

मग खरं चित्र कोणतं? गोठवलेलं की पुसट? माझं मत सांगतो. दोन्ही खरी आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मल्ल चीत झाला का, खांदे टेकले का, हे ठरवायला हजाराव्या भागाचं चित्र हवं. डावात जोर किती होता, हे पुसट पट्टाच सांगेल. तिसरीही एक रीत आहे. शंकरपटात बैलजोडीबरोबर कॅमेरा फिरवत नेला, की बैल स्पष्ट येतात आणि मागची गर्दी रेघारेघांची होते. जो धावतो त्याच्या वेगाने आपणही फिरलो, तर तो ओळखू येतो.

आता तो बूट घासणारा आठवा. जुने फोटो आपण इतिहासाचा पुरावा मानतो. पण कॅमेरा मंद होता तोवर त्याने नोंद घेतली ती थांबू शकणाऱ्यांची. खुर्चीवर बसलेले राजे, देवळं, तोफा, वाडे ठळक आले. पाणी वाहणारी बाई, ओझं उचलणारा हमाल, खेळणारं पोर एकतर उमटलं नाही किंवा डाग होऊन राहिलं. ज्यांना कामातून थांबायची सवड नव्हती, ते चित्रातून गळाले. जुना रिकामा रस्ता बघून "तेव्हा किती शांतता होती" असं म्हणण्याआधी एवढा विचार करावा.

म्हणून पोरांनो, घरी जुना अल्बम असेल तर त्यातले पुसट कोपरे भिंग लावून बघा. तिथे कुणीतरी काम करत असतं. आणि फोनमधला हललेला फोटो पुसण्याआधी क्षणभर थांबा. आजी भाकरी थापतेय आणि तिचे हात पुसट आलेत, तर त्या फोटोत आजी कमी नाही, थोडी जास्तच आहे.

 आता प्रश्न विचारा.